लक्ष्मीबाईंचे मोठे घर आणि आपले छोटे घर



२२ सप्टेंबर जवळ आला की आपल्या सांगली, कोल्हापूर, सातारा भागात शाळाशाळांतून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जयंतीची तयारी सुरू होते. लेझीम, मिरवणूक, मुलांची भाषणे. त्या भाषणांत एक गोष्ट हमखास येते. अण्णा बाहेरगावी गेलेले आहेत, बोर्डिंगातले धान्य संपलेले आहे, मुले उपाशी आहेत, आणि लक्ष्मीबाई गळ्यातले मंगळसूत्र काढून देतात. गोष्ट संपते, टाळ्या होतात, आपण पदराने डोळे टिपतो. मग कोणीतरी पाहुणे उठून म्हणतात, "आजच्या स्त्रियांनी यातून त्याग शिकावा."

गोष्ट खरीच मोठी आहे. पण तीन मुले वाढवून, दोन सुना आणून आणि आता नातवंडांच्या डब्यांच्या मागे लागल्यावर मला वाटते की त्या घरातून शिकण्यासारखे बरेच काही त्या एका प्रसंगाच्या आड राहून गेले आहे. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिले ते एकदा. पण त्यांचे घर चालत होते ते रोज. इतक्या मुलांचे घर रोज कसे चालले, ते आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या बायकांनी नीट पाहायला हवे. आज तेच लिहिते.

कुंभोजचा मुलगा आणि कोल्हापूरचे बोर्डिंग

भाऊरावांचा जन्म १८८७ सालचा, कुंभोजचा. बाहुबलीच्या डोंगराला आपण जातो तेव्हा पायथ्याशी लागते तेच कुंभोज. घराणे जैन शेतकऱ्यांचे, मूळ गाव वाळवा तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून होते, त्यामुळे बदलीच्या गावी बिऱ्हाड हलायचे. पुढच्या शिक्षणासाठी मुलाला कोल्हापूरला ठेवले, ते आपल्या दिगंबर जैन बोर्डिंगात.

या बोर्डिंगांचा इतिहासही आपल्या घरांशी जोडलेला आहे. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. शेतकरी जैनांची मुले शिकली पाहिजेत, हा तिचा ध्यास. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि मदत द्यायला सुरुवात केली, त्यात जैन बोर्डिंगही होते. तोवर शिकायचे म्हणजे शहरात कोणा नातेवाइकाकडे राहायचे आणि त्यांच्या घरी पडेल ते काम करायचे. बोर्डिंगमुळे खेड्यातल्या आईला पहिल्यांदा वाटले असेल की आपले पोर परक्या दारात नाही, आपल्या माणसांत आहे, तिथे पाणी गाळलेले मिळते आणि जेवण दिवस असताना होते.

पण याच बोर्डिंगातून भाऊरावांना बाहेर पडावे लागले. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध झाल्याशिवाय पंगतीला बसू नये, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटले. आज आपण कर्मवीरांना अभिमानाने आपले म्हणतो, तेव्हा हेही आठवावे. ज्या मुलाला आपल्या पंगतीतून उठवले, त्यानेच पुढे सगळ्यांची एक पंगत मांडली.

पुढे मॅट्रिकही न झालेल्या या तरुणाने साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, किर्लोस्करांचे नांगर विकत खेडोपाडी फिरला, खोटी साक्ष द्यायला नकार दिला म्हणून तुरुंगाचे हाल सोसले. त्या फिरण्यात त्याला एकच गोष्ट दिसत राहिली. शेतकऱ्याचे आणि गावकुसाबाहेरचे पोर हुशार असते, पण शाळेच्या गावी त्याला राहायला छप्पर नसते आणि खायला भाकरी नसते. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. तिथे राहत्या घरीच वेगवेगळ्या जातींची मुले ठेवून बोर्डिंगला सुरुवात झाली आणि पुढे ते धननीच्या बागेत वाढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे नाव श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस ठेवले गेले.

इतिहासाच्या पुस्तकात ही एवढी वाक्ये येतात. "राहत्या घरीच मुले ठेवून" हे चार शब्द तर वाचणारा पुरुष सहज ओलांडून जातो. आपण बायका मात्र तिथे थांबतो. राहत्या घरी म्हणजे कोणाच्या चुलीवर?

सोवळे कशाचे आणि कोणासाठी

लक्ष्मीबाई जुन्या वळणाच्या, सधन जैन घरातल्या. त्या काळच्या आपल्या घरांतले सोवळे तुमच्यापैकी वयाने मोठ्या असलेल्यांनी आजीकडे पाहिलेले आहे. ओल्या लुगड्याने स्वयंपाक, चुलीपाशी परक्या माणसाची सावली नको, पाण्याच्या घागरीला हात नको. अशा वळणात वाढलेल्या बाईच्या घरात नवऱ्याने मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी पोरे आणून बसवली आणि सांगितले की ही आपली मुले. एका रात्रीत हे सोपे झाले असेल, असे कोणी समजू नये. तोवर आयुष्यभर जे पाप म्हणून टाळले, ते आता पुण्य म्हणून करायचे होते. नातेवाईक काय म्हणतील, माहेरचे येतील का, मुलीची सोयरीक कुठे होईल, हे प्रश्न शेवटी बाईच्याच पदरात पडतात.

तरी लक्ष्मीबाईंनी ती मुले पोटाशी धरली. मुले त्यांना वहिनी म्हणत. आजारी पोराच्या उशाशी बसण्यापासून त्याच्या केसांतल्या उवा काढण्यापर्यंत आईचे जे जे काम असते, ते अशा घरात एका बाईकडे येते. आज रयतच्या शाळांत त्यांना रयतमाउली म्हणतात ते उगाच नाही.

इथे मला आपल्या चौक्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहावीशी वाटते. आपण पाणी गाळतो ते त्यातल्या सूक्ष्म जीवांसाठी. सूर्यास्तापूर्वी जेवतो, कंदमुळे टाळतो, तेही जीवदयेसाठी. पाणी कोणाच्या हाताने भरले, याचा जीवदयेशी काही संबंध नाही. गाळणे दुहेरी आणि स्वच्छ असावे, हा धर्म. घागर उचलणाऱ्याची जात विचारणे ही रूढी. दोन्ही गोष्टी आपल्या स्वयंपाकघरात इतक्या जवळजवळ ठेवल्या गेल्या की पिढ्यानपिढ्या आपण त्यांना एकच समजलो. लक्ष्मीबाईंच्या घराने त्या वेगळ्या करून दाखवल्या.

आज आपल्याकडे ओले लुगडे नाही. पण धुणे-भांडी करणाऱ्या बाईचा चहाचा कप अनेक घरांत अजून वेगळा असतो. कुठे तो खिडकीत पालथा असतो, कुठे बेसिनखाली. मुले बोलत नाहीत, पण हा कप पाहतात. पाठशाळेत आपण त्यांच्याकडून सगळ्या जीवांबद्दल मैत्रीभाव म्हणवून घेतो आणि घरी कप वेगळा ठेवतो, तर मूल कपावर विश्वास ठेवते, पाठावर नाही. जयंतीला भाषण ऐकून आल्यावर निदान एवढे करा. कप एकाच रांगेत ठेवा.

ऐंशी भाकरींचा हिशेब

आता आपल्या भाषेत हिशेब करून पाहू. घरात वीस मुले आहेत असे धरू. वाढत्या वयाचे, शेतात काम करणारे पोर एका वेळेला दोन भाकरी तरी खाणारच. दोन वेळच्या ऐंशी भाकरी झाल्या. एक किलो पिठाच्या साधारण दहा भाकरी धरल्या तर रोजचे आठ किलो पीठ. गिरणी दारात नाही, जाते आहे. महिन्याची ज्वारी अडीच क्विंटलच्या घरात जाते. वर डाळ, तिखट, मीठ, जळण, आणि आडाचे पाणी. शिवाय ही वीसच मुले. पुढे तर संख्या वाढतच गेली.

हे धान्य यायचे कुठून? भाऊराव गावोगाव फिरून लोकांकडून धान्य मागत. घरोघरच्या बायकांनी रोजच्या दळणातली एक मूठ बाजूला काढायची, साठले की बोर्डिंगला द्यायचे. मुष्टिफंड म्हणत त्याला. पैसा नसलेल्या घरालाही मूठभर जोंधळा देणे जमते आणि देणारी बाई कोणाला न विचारता तो देऊ शकते, कारण मडके तिच्याच हातात असते. मला या योजनेचे फार कौतुक वाटते. रयत शिक्षण संस्थेच्या पायात अशा कितीतरी निनावी बायकांच्या मुठी आहेत. आपल्या शास्त्रात दान चार प्रकारचे सांगितले आहे, आहार, औषध, शास्त्र आणि अभय. त्या मुठीत आहारदान आणि शास्त्रदान एकाच वेळी होत होते.

पण मागून आणलेले धान्य कधी वेळेवर येते, कधी येत नाही. पाऊस लांबला, सुगी बुडाली की मुठी लहान होतात. मग घरातले सोने जाऊ लागले. लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने एकेक करून मुलांच्या पोटासाठी गेले, आणि शेवटी ते मंगळसूत्रही. सवाष्ण बाईने गळा मोकळा ठेवणे म्हणजे त्या काळी काय, हे सांगायला नको. कुंकू आहे, नवरा आहे, आणि गळ्यात काही नाही.

१९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. वयाची चाळिशीही त्यांनी पाहिली नाही. संस्था तेव्हा लहान होती. पुढे १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. १९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. यातले काहीही पाहायला वहिनी नव्हत्या.

वहिनी गेल्या, तरी चूल विझली नाही

इथे मला खरी गोष्ट सुरू होते असे वाटते. समजा ते बोर्डिंग एकट्या लक्ष्मीबाईंच्या कष्टावर आणि सोन्यावर उभे असते, तर १९३० साली ते बंद पडले असते. कितीतरी घरे अशी असतात. आई अंथरुणाला खिळली की तिसऱ्या दिवशी घराची दशा होते, कारण डाळीचा डबा कुठे आहे हेसुद्धा दुसऱ्या कोणाला माहीत नसते. बोर्डिंगचे तसे झाले नाही. ते वाढत गेले.

कारण तिथे मुले काम करत. पाळीपाळीने दळण, पाणी भरणे, स्वयंपाक, वाढणे, भांडी, झाडलोट. मोठी मुले शेतात राबत, इमारतीला दगड-माती वाहत. स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद, हे रयतचे बोधवाक्य आपण शाळेच्या भिंतीवर वाचतो आणि त्याचा अर्थ फी भरण्यापुरता घेतो. त्या बोर्डिंगात त्याचा पहिला अर्थ होता की तू खातोस त्या भाकरीत तुझाही हात हवा. कमवा आणि शिका ही पुढे महाराष्ट्रभर गाजलेली योजना याच सवयीतून वाढली.

आणि हे सगळे मुलगे होते, हे लक्षात घ्या. शंभर वर्षांपूर्वी, पाटलांची आणि शेतकऱ्यांची पोरे, घरी पाण्याचा तांब्याही आईकडून मागून घेणारी. ती जात्यावर बसत होती. मराठ्याच्या पोराने वाढलेले महाराच्या पोराने खाल्ले आणि उलटही झाले. जातीचा विटाळ पुस्तकाने गेला नाही, तो परातीत एकत्र पीठ मळताना गेला. त्याच परातीत आणखी एक समज मोडली, ती म्हणजे स्वयंपाक हे बाईमाणसाचे काम आहे. ही दुसरी समज मोडली हे मात्र भाषणांत कोणी सांगत नाही. भाषण करणाऱ्यांनाही घरी तांब्या मागायची सवय असते म्हणून असेल.

म्हणून मी म्हणते की मंगळसूत्र हा त्या घराचा एक दिवस आहे आणि कामाची वाटणी हे त्या घराचे वर्ष आहे. मंगळसूत्राने एक वेळची चूल पेटली. वाटणीमुळे वहिनींच्या नंतरही ती पेटत राहिली.

त्यागालाही माप आहे

काही जणींना वाटेल, ही बाई त्यागाला कमी लेखते आहे. तसे नाही. भाद्रपदात आपल्यातल्या कितीतरी जणी सोळाकारण व्रत करतात. त्या सोळा भावनांमध्ये त्याग आणि तप या दोन्ही आहेत, पण नुसत्या नाहीत. शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप अशी त्यांची नावे आहेत. शक्तीप्रमाणे त्याग, शक्तीप्रमाणे तप. शक्ती लपवून कमी करायचे नाही, हा त्याचा एक अर्थ. शक्तीच्या बाहेर जाऊन देह मोडायचा नाही, हा दुसरा. आपण बायकांना पहिला अर्थ पुरेपूर शिकवला, दुसरा कोणी फारसा सांगितला नाही.

घरातल्या त्यागाचे असे होते की तो जिच्याकडून एकदा मिळाला, तिच्याकडून पुन्हा पुन्हा मागितला जातो. शिळी भाकरी आईने खाल्ली, मग ती रोज आईचीच. लक्ष्मीबाईंनी दिले ते स्वतःच्या मनाने, डोळ्यांसमोर भुकेली पोरे असताना. त्यांचे नाव घेऊन कोणी दुसऱ्या बाईला "तूही दे" म्हणू नये. त्याग देणाऱ्याचा असतो, मागणाऱ्याचा नसतो.

आपल्या घरात काय करता येईल

माझ्या अनुभवाच्या काही गोष्टी सांगते. आमचे घर एकत्र होते, दीर-जावा, सासू-सासरे आणि पाच मुले. आता दोन्ही सुना नोकरी करतात. दोन्ही काळांत उपयोगी पडलेल्या या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट ताटाची. ताट वाढताना घरचे आणि पाहुण्याचे, मुलाचे आणि मुलीचे, आपले आणि जावेचे असा फरक नको. मुलाला तुपाची धार आणि मुलीला बोट, हे मुले आयुष्यभर विसरत नाहीत. कमी असेल तर कमी वाढा, पण सगळ्यांना सारखे. चार बर्फ्या आणि पाच मुले असतील तर बर्फ्यांचे तुकडे मुलांकडूनच करून घ्या. जो कापतो त्याने शेवटी घ्यायचे, एवढा एक नियम ठेवा. सुरी किती सरळ चालते ते पाहा.

दुसरी गोष्ट वयाप्रमाणे काम. पाच वर्षांचे मूल ताट-वाट्या मांडू शकते, शेंगा सोलू शकते, कोथिंबीर निवडू शकते. आठ वर्षांचे धान्य निवडू शकते. आपल्याकडे धान्य निवडणे ही जीवदयेची पहिली शाळा आहे. त्यातली अळी चिमटीत न चिरडता अलगद बाजूला कशी ठेवायची, हे त्याला दाखवा. त्यावर वेगळे प्रवचन लागत नाही. दहाव्या वर्षी पाणी गाळणे आणि गाळणे नीट धुऊन वाळत घालणे जमते. बाराव्या वर्षी वरण-भात जमतो. पंधराव्या वर्षी एक वेळचा पूर्ण स्वयंपाक यायला हवा, मुलगा असो की मुलगी. माझ्या धाकट्याची पहिली भाकरी नकाशासारखी होती. सासऱ्यांनी ती ताटात घेऊन शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली आणि एवढेच म्हणाले, "भाजली चांगली आहे." त्या एका वाक्यावर पोरगा पुढे वर्षभर भाकरी करत होता.

तिसरी गोष्ट, कामाला मदत म्हणू नका. "आईला मदत कर" म्हटले की काम आईचे ठरते आणि मूल उपकार करते. "आज ताटे तुझी आहेत" म्हणा. बोर्डिंगातली मुले वहिनींना मदत करत नव्हती, आपापले काम करत होती. कामाची वाटणी कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि दर महिन्याला बदला, म्हणजे भांडी एकाच्याच गळ्यात पडत नाहीत. त्या कागदावर वडिलांचे नावही असू द्या. आजोबांनाही भाजी निवडायला आवडते, पण त्यांना कोणी विचारत नाही.

काम बिघडले तर लगेच हातातून काढून घेऊ नका. आपल्याला घाई असते आणि मुलाच्या हाताला वेग नसतो. पण आपण दहा मिनिटे वाचवतो आणि दहा वर्षे तेच काम आपणच करत बसतो.

चौथी गोष्ट, घरातली ओढाताण मुलांना कळू द्या. घाबरवू नका, पण लपवूही नका. बोर्डिंगातल्या मुलांना कोठारात किती धान्य आहे ते दिसत होते, कारण काढायला तीच जात. आपल्या मुलांना पैसा फक्त मोबाइलच्या पडद्यावरून जाताना दिसतो. महिन्यातून एकदा वाण्याची यादी मुलांना करायला लावा. डब्यात किती डाळ आहे ते पाहा, किती लागते ते विचारा, भाव लिहा. अपरिग्रह हा शब्द समजण्याआधी पाव किलो म्हणजे किती, हे हाताला समजले पाहिजे.

पाचवी गोष्ट मुठीची. एक डबा ठेवा आणि रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ मुलाच्या हाताने त्या डब्यात टाका. महिन्याने भरला की कुठे द्यायचा, हे मुलांनाच ठरवू द्या. आमच्याकडे एकदा नातीने तो डबा कोपऱ्यावरच्या बांधकामावर राहणाऱ्या कुटुंबाला द्यायचे ठरवले, कारण त्यांची मुलगी तिच्याच वर्गात होती. आधी आम्हाला ते माहीतही नव्हते.

सहावी गोष्ट सोन्याची. अंगावरचे सोने हे तुमचे स्त्रीधन आहे. घराला अडचण आली आणि तुम्हाला द्यावेसे वाटले तर जरूर द्या, पण विचारून घेतले पाहिजे, गृहीत धरून नाही. किती तोळे, कशासाठी, कधी दिले, हे वहीत लिहून ठेवा आणि ती वही नवऱ्याला आणि मुलांना दाखवा. लिहिण्यात अविश्वास नाही. लिहिले नाही तर वीस वर्षांनी मुलांना वाटते की घर बाबांनी बांधले.

शेवटची गोष्ट तुमच्या शरीराची. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणे हे व्रत नाही, ती नुसती सवय आहे. अष्टमी-चतुर्दशीचा उपवास करा, एकाशन करा, पण आदल्या रात्री बारापर्यंत राबून आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा स्वयंपाक करून उपवास करू नका. ज्या दिवशी तुमचा उपवास, त्या दिवशी चूल दुसऱ्या कोणाची, असे घरात ठरवून टाका. आमच्याकडे हे ठरले तेव्हा पहिल्या अष्टमीला खिचडी करपली होती. तिसऱ्या अष्टमीला ती चांगली झाली. तपाची अनुमोदना तोंडाने करण्यापेक्षा हाताने करणे जास्त पुण्याचे आहे, असे आता आमच्या घरातले पुरुषही म्हणतात. रक्ताची तपासणी वर्षातून एकदा करून घ्या. घरातल्या गाडीची सर्व्हिसिंग चुकत नाही आणि आईची तपासणी मात्र दिवाळीनंतर, लग्नानंतर, परीक्षेनंतर अशी पुढे जात राहते.

जयंतीला काय सांगायचे

रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाला पारंब्या फुटतात, त्या जमिनीत जातात आणि स्वतः खोड होतात. मग मूळ खोडावरचा भार कमी होतो. घराचेही तसेच असावे. मुले मोठी होतात म्हणजे उंच होतात असे नाही. घराचा थोडा भार त्यांच्या अंगावर टेकायला लागतो, तेव्हा ती मोठी होतात. आईने एकटीने सगळा भार पेलला तर लोक तिचे कौतुक करतील, तिच्यावर भाषणे होतील, पण पारंब्या हवेतच लोंबत राहतील.

यंदा २२ सप्टेंबरला तुमच्या मुलाला किंवा नातवाला शाळेत भाषण करायचे असेल आणि तो तुमच्याकडे मुद्दे मागायला आला, तर मंगळसूत्राची गोष्ट जरूर सांगा. ती विसरता कामा नये. पण तिच्यानंतर आणखी दोन-चार वाक्ये लिहून द्या. त्या बोर्डिंगातली मुले स्वतः दळत होती, भाकरी करत होती, एकमेकांची ताटे घासत होती, आणि म्हणून त्यांच्या वहिनी गेल्यावरही तिथे कोणी उपाशी राहिले नाही. मग भाषण पाठ करता करता त्याच्या हातात कणकेची परात द्या.

जय जिनेंद्र.